लसीतल्या साखरेला प्रथिनाची जोड

मुलुंडहून ऐरोली पुलावरून खाडी ओलांडली की नवी मुंबई. २०१८च्या जुलै-ऑगस्टमध्ये तिथल्या महापालिकेने ९ महिने ते १४ वर्षांच्या सुमारे १ लाख १३ हजार मुलांना टायफॉइडची नवी लस टोचली. जुनी लस दोन वर्षांखालच्या मुलांना देतच नसत. त्यांच्या अंगी ती लागत नसे. दोन्ही लसींचा मुख्य घटक एकच, टायफॉइडच्या जंतूवरचं साखरेचं आवरण. मग नव्या लसीत असं काय होतं?

उत्तर उंदरांच्या पिंजऱ्यांत सापडलं होतं. १९६६ साली अमेरिकेत हेन्री क्लॅमन आणि सहकाऱ्यांनी किरणांचा मारा करून उंदरांची प्रतिकारशक्ती मोडून काढली आणि त्यांना मेंढीच्या तांबड्या पेशी टोचल्या. सोबत कुणाला थायमस ग्रंथीतल्या पेशी दिल्या, कुणाला अस्थिमज्जेतल्या, कुणाला दोन्ही. एकेकट्या पेशींनी फारसं काही साधलं नाही. दोन्ही मिळाल्या, तिथे प्रतिपिंडांचं काम जोरात सुरू झालं. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियात जॅक मिलर आणि ग्रॅहम मिचेल यांनी कोडं सोडवलं: प्रतिपिंडं बनवतात अस्थिमज्जेतून आलेल्या बी-पेशी. थायमसमधल्या टी-पेशी स्वतः एकही प्रतिपिंड बनवत नाहीत, पण बी-पेशींना कामाला लावतात त्याच.

पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटमध्ये ग्विदो बिओझी यांनी तर चिकाटीची कमाल केली. भरपूर प्रतिपिंडं बनवणाऱ्या उंदरांची आपसांत पैदास, कमी बनवणाऱ्यांची आपसांत, असं पिढ्यान्‌पिढ्या. दोन घराण्यांतली तफावत शंभर पटींपलीकडे गेली. संशय अर्थातच टी-पेशींवर येतो, पण त्या दोन्हीकडे जवळपास सारख्याच निघाल्या. मोठा फरक होता मॅक्रोफेज पेशींत. कमी प्रतिपिंडांच्या घराण्यात त्या परका पदार्थ इतक्या झपाट्याने पचवत, की टी-पेशींपुढे ठेवायला फारसं उरतच नसे. साहेब खुर्चीत हजर, पण टेबलावर फाइलच नाही!

गंमत म्हणजे टायफॉइडच्या जंतूचा भाऊबंद साल्मोनेला टायफिम्युरियम याच्याशी हेच घराणं जास्त चांगलं झुंजलं. तो जंतू पेशीत दडून वाढतो, आणि तिथे खादाड मॅक्रोफेज उपयोगी पडतात. मात्र पेशीत शिरण्याआधी त्याला गाठायचं, तर प्रतिपिंडंच हवीत.

आता लसीकडे. टी-पेशी ओळखतात ते मुख्यतः प्रथिनांचे तुकडे. निव्वळ साखर त्यांच्या खिजगणतीत नसते. म्हणून नव्या लसीत ती साखर टिटॅनस टॉक्सॉइड या प्रथिनाला जोडली. बी-पेशी साखर पकडते, प्रथिनासकट गिळते आणि प्रथिनाचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडते. ते ओळखून टी-पेशी इशारा देते, की बी-पेशी वाढू लागतात, अधिक घट्ट चिकटणारी प्रतिपिंडं बनवतात आणि जंतूची आठवणही ठेवतात.

घाटकोपर-बोरिवलीच्या पालिका दवाखान्यांत दीड महिन्याच्या बाळाला मिळणाऱ्या ‘पेंटा’ लसीतला हिब या जंतूविरुद्धचा घटक असाच प्रथिनाला जोडलेला असतो. न्यूमोनियावरच्या पीसीव्ही लसीतही हीच युक्ती आहे.