थोडीशी वीज, भर समुद्रात

२०१२च्या ऑक्टोबरअखेर ‘सँडी’ वादळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे सरकू लागले. न्यू जर्सीपासून सुमारे शंभर मैल आत, खवळलेल्या समुद्रात, ‘मर्क्युरी’ नावाचे एक यंत्र मात्र आपले काम करत राहिले. सत्तर नॉटचा वारा अंगावर घेत ते तिथल्या हवामानाच्या नोंदी उपग्रहामार्फत किनाऱ्यावर पाठवत होते. त्यावर माणूस नव्हता, इंजिन नव्हते, इंधनाची टाकीही नव्हती. त्याला पुढे ढकलत होत्या त्या लाटाच.

लिक्विड रोबोटिक्स या कंपनीच्या या प्रकारच्या यंत्रांचे नाव वेव्ह ग्लायडर. वर सर्फिंगच्या फळीसारखा तराफा आणि काही मीटर खाली, केबलने बांधलेली पंखांची चौकट. लाटेची हालचाल पृष्ठभागावर जोरदार असते. खोल जावे तशी ती विरत जाते. या फरकावरच सारी रचना उभी आहे. लाटेने तराफा उचलला की चौकट वर ओढली जाते, पंख कलतात आणि पाणी मागे सारतात. तराफा उतरला की पंख उलटे कलतात, तरी ढकलतात पुढेच. वरची उपकरणे सौर पॅनेलवर चालतात. प्रवासाचा खर्च लाटा उचलतात. यातलेच ‘पापा माऊ’ नोव्हेंबर २०११मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून सुटले आणि वर्षभराने ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडला पोचले. सुमारे ९,००० सागरी मैल! मायक्रोनेशियाचे महान दर्यावर्दी माऊ पियाइलुग यांचे नाव त्याला दिले होते, आणि ते त्याने सार्थ केले.

एवढा खटाटोप कशासाठी? समुद्राचे तापमान, क्षारता, लाटांची उंची मोजणाऱ्या अनेक उपकरणांना काही वॅट वीज पुरते. पण ती तिथे, खोल पाण्यात, महिनोन्‌महिने हवी असते. बॅटरी बदलायची तर जहाज न्यावे लागते, आणि त्याचा खर्च बॅटरीच्या किमतीला कुठल्या कुठे मागे टाकतो. जगभरच्या समुद्रांत तरंगणारे सुमारे चार हजार ‘आर्गो’ फ्लोट दोन किलोमीटर खोल बुडी मारून माहिती आणतात. त्यांचे आयुष्यही बॅटरीशीच बांधलेले आहे.

लाटांपासून वीज म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गावे उजळणारी केंद्रे येतात. खरे यश मात्र आधी छोट्या कामात मिळाले. जपानी नौदलातील अधिकारी योशिओ मासुदा यांनी १९४०च्या दशकात प्रयोग सुरू केले आणि १९६५पासून जपानमध्ये लाटांवर दिवा पेटवणारे मार्गदर्शक बोये वापरात आले. बोयाच्या पोकळ नळीत पाणी चढते-उतरते, वरची हवा लोहाराच्या भात्यासारखी आत-बाहेर होते आणि तिच्या झोताने टर्बाइन फिरते.

याच तत्त्वावर आयआयटी मद्रासने १९९१मध्ये केरळात विळिंजम येथे १५० किलोवॅटचे केंद्र उभारले. तिथे वेल्स टर्बाइन होते, म्हणजे हवा कोणत्याही दिशेने वाहो, एकाच दिशेने फिरणारे. तो धाडसी प्रयोग होता, पण व्यापारी विजेपर्यंत पोचला नाही. त्याच संस्थेने नोव्हेंबर २०२२मध्ये तुतिकोरिनपासून सहा किलोमीटरवर, वीस मीटर खोल पाण्यात लाटांवर वीज बनवणारे ‘सिंधुजा-१’ हे यंत्र सोडले. ते शंभर वॅटचे होते. हा आकडा वाचून कुणी नाक मुरडू नये. घरासाठी तो किरकोळ असेल. दूर समुद्रातल्या निरीक्षण केंद्रासाठी तो मोठा आधार आहे. त्याची रचनाही साधी: मधोमध भोक असलेला बोया एका स्थिर खांबाभोवती वर-खाली होतो, त्या हालचालीचे फिरण्यात रूपांतर होते आणि जनित्र चालते.

अडचण जनित्राच्या स्वभावात आहे. त्याला वेगाने फिरायला आवडते, आणि लाट येते आठ-दहा सेकंदांनी एकदा, संथ पण प्रचंड जोराने. शिवाय खारे पाणी धातू खाते, शेवाळ-शिंपले हलत्या भागांवर बसतात, नांगराची साखळी सतत ताणली जाते. प्रयोगशाळेतल्या टाकीत उत्तम चालणारे यंत्र इथे वर्षभर टिकले, तरच त्याला अर्थ.

अरबी समुद्रासाठी मात्र लाटांवर थोडी वीज बनवण्याचा हा प्रयत्न विशेष मोलाचा आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रत्नागिरीसमोरच्या लाटा बोये ठेवून मोजल्या आहेत. उन्हाळ्याआधीचा शांत दर्या पावसाळ्यात तीन-चार मीटरच्या लाटांनी उसळतो. लाटेतली ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उंची तिप्पट, तर ऊर्जा नऊपट. नेमक्या याच महिन्यांत आभाळ झाकोळलेले असते आणि सौर पॅनेल निम्म्या ताकदीवर येतात. मच्छीमारांना इशारे देण्यासाठी समुद्राची ताजी माहिती सर्वाधिक गरजेची असते तीही तेव्हाच. जानेवारीत ऊन भरपूर आणि लाटा लहान, जुलैत उलट. म्हणून एकाच बोयावर सौर पॅनेल, लाटेवरचे जनित्र आणि दोघांची वीज साठवणारी लहान बॅटरी अशी जोडणी कोकणच्या पाण्याला सर्वांत शोभेल.