बालगुन्हेगार आणि आपण

हाणामारी करणारी पोरे सहसा एकेकटी नसतात. टोळक्याचा जोर अंगात येतो आणि हात उठतो. वय वाढले, कामधंदा लागला, की बहुतेकांचे हे वळण सुटते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने १६ ते १८ वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याची मुभा दिली. पण आधी बाल न्याय मंडळाने त्याची समज व परिस्थिती पारखावी, अशी अट घातली.

शिक्का मारल्याने काय होते, हे आपल्या जिल्ह्याला ठाऊक आहे. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरविल्या. पुढे सोलापूरच्या सेटलमेंटात लेकरेही तारेच्या कुंपणाआड वाढली. १९५२ साली कायदा गेला, शिक्का राहिला.

आम्हां कामगार कार्यकर्त्यांचे म्हणणे एवढेच : सुटून आलेल्या पोराला मोहोळात कोणी कामावर घेतले नाही, तर त्याला घ्यायला टोळके तयारच असते.