पेशव्यांचे वकील आणि आजचे वाणिज्य दूतावास

हैदराबादेत अंबरपेठेहून कोठीकडे गेलं की महिला विद्यापीठाच्या आवारात उंच खांबांची ब्रिटिश रेसिडेन्सी दिसते. निजामाच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, जेम्स कर्कपॅट्रिक याने ती 19व्या शतकाच्या आरंभी उभारली. पण परराज्याचा प्रतिनिधी या शहराला त्याआधीही परिचयाचा होता. पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे निजामाच्या दरबारी राहून नाना फडणविसांना पत्रं धाडत. थकलेल्या चौथाईचा तगादा लावायचा, दरबारातल्या हालचाली कळवायच्या, बोलणी चालू ठेवायची, ही वकिलाची कामं. तरी 1795मध्ये मराठे आणि निजाम यांच्यात खर्ड्याची लढाई झालीच.

आज अशा वकिलाच्या जागी राजदूत असतो आणि त्याची कचेरी राजधानी दिल्लीत असते. इतर शहरांत वाणिज्य दूतावास असतात. हैदराबादेत अमेरिका, इराण यांचे आहेत. व्हिसा देणं, व्यापाराला हातभार लावणं आणि आपल्या नागरिकांना मदत करणं हे त्यांचं मुख्य काम. त्यांचे नियम 1963च्या व्हिएन्ना करारात आहेत. परदेशात अटक झालेल्या माणसाला आपल्या वाणिज्य दूतावासाला कळवण्याचा हक्क या कराराच्या 36व्या कलमाने मिळतो.

म्हणून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी निघालेल्या प्रत्येकाने तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासाचा पत्ता आणि फोन नंबर आधीच टिपून ठेवावा.