गोल फिरतंय, पण पुढे जात नाही!

इंजिनिअरिंगला गेलेल्या पोराची खरी परीक्षा युनिव्हर्सिटी घेत नाही, घरचे घेतात. आणि त्या परीक्षेत एकच विषय असतो : टीव्ही. आपल्या केटी किती राहिल्यात हे नातेवाइकांना माहीत नसतं (नशीब!), पण "तू इंजिनिअर ना, मग हे चालू करून दे" हे सांगायचा हक्क सगळ्यांना असतो. मी मेकॅनिकलचा आहे, हे सांगून काही उपयोग होत नाही.

आमचं घर भिवंडीत, कल्याण रोडच्या बाजूला. सुट्टीत घरी गेलो की पहिल्याच संध्याकाळी बोलावणं येतं. कुणाची मालिका अडकलेली, कुणाची मॅच, आणि शेजारच्या चाचांचं तर ॲप उघडतच नाही. गेल्या दोन वर्षांत मी अशी बरीच अडकलेली ॲप सोडवली आहेत. हॉस्टेलच्या मंडळींना सुट्टीत आणि स्टाफला रोज (सर, तुमच्याही घरी हे होतं, आम्हाला माहीत आहे) उपयोग होईल म्हणून हे लिहितोय.

लोक काय करतात? ॲप अडकलं की आधी रिमोट आपटतात, मग ॲप काढून परत टाकतात, मग टीव्ही रिसेट मारतात आणि शेवटी मेकॅनिकला बोलावतात. मेकॅनिक म्हणतो, टीव्ही जुना झाला, नवा घ्या. माझं म्हणणं एवढंच आहे की हात लावण्याआधी दहा सेकंद नुसतं स्क्रीनकडे बघा. काय अडकलंय ते स्क्रीनच सांगते.

हे कळायला आत काय चालतं ते थोडं समजून घेऊ. तुम्ही बघता तो पिक्चर एका सलग फाइलमध्ये येत नाही. त्याचे दोन ते दहा सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा चार-पाच दर्जांमध्ये तयार ठेवलेला असतो. नेट चांगलं असेल तर ॲप भारी तुकडा मागवतं, मंद असेल तर हलका. ॲपलने २००९ साली आणलेली एचएलएस काय किंवा २०१२ साली स्टँडर्ड झालेली डॅश काय, दोन्हींची युक्ती हीच. पुढचे काही तुकडे आधीच आणून साठवतात, तो बफर.

भिवंडीवाल्याला हे लगेच कळतं. लूमवर धोट्यात कांडी असते. कांडीचं सूत संपलं की लूम थांबतो. आता लूम थांबला म्हणून कुणी मोटर उघडून बसत नाही, आधी कांडी बघतात. स्क्रीनवर गोल चक्र फिरतंय म्हणजे कांडी रिकामी झाली. ॲप ठणठणीत आहे, टीव्हीही ठणठणीत आहे, फक्त माल येत नाहीये. याउलट चित्र थिजलं पण आवाज चालू आहे, तर माल येतोय आणि तो उलगडणारा डिकोडर अडकलाय. रिमोटची कुठलीच बटणं चालत नसतील तर पूर्ण यंत्रच गुदमरलंय, बहुतेक मेमरी भरलीय किंवा ते तापलंय. आणि आवाज येतोय पण स्क्रीन काळी, तर तो चोरी रोखण्याचा बंदोबस्त असतो : मोबाइलची स्क्रीन टीव्हीवर टाकली किंवा मध्ये स्वस्तातला एचडीएमआय जोड लावला की असं होतं. (सिनेमाचा स्क्रीनशॉट काळा येतो त्याचं कारणही हेच.) चार दुखणी, चार वेगळी औषधं. एकाचं दुसऱ्याला दिलं की रात्र वाया.

आता रिकाम्या कांडीचं बघू, कारण माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त तक्रारी याच. मोबाइलचा डेटा बंद करून त्याच वायफायवर तेच ॲप लावा. तिथेही फिरतंय तर दोष राउटर, लाइन किंवा कंपनीच्या सर्व्हरकडे. मोबाइलवर चालतंय तर टीव्हीकडे वळा. स्पीड टेस्ट करायची ती राउटरशेजारी उभं राहून नाही, टीव्हीशेजारी. नेटफ्लिक्सचा स्वतःचा हिशोब असा : ७२०पी साठी ३ एमबीपीएस, १०८०पी साठी ५ आणि फोरके साठी १५. म्हणजे शंभरचा प्लॅन घेऊनही अडकतंय तर आणखी मोठा प्लॅन हा उपाय नव्हे. बहुधा राउटर आतल्या खोलीत कपाटावर ठेवलेला असतो आणि मध्ये दोन भिंती. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान, पण भिंतीपुढे हात टेकतं. २.४ भिंत ओलांडतं, पण सगळ्या बिल्डिंगचे राउटर तिथेच गर्दी करून असतात. टीव्ही जवळ असेल तर ५ लावा, लांब असेल तर २.४ लावून चॅनल १, ६ किंवा ११ पैकी मोकळा बघा. आणि लॅन केबल टाकता आली तर हे सगळं विसरा.

आता आमच्या गावची खास भानगड. संध्याकाळी बरोबर मालिका रंगात आली की ॲप अडकायचं. सगळे म्हणायचे नेटवाला चोर आहे. मी दोन संध्याकाळ राउटरचे दिवे बघत बसलो. राउटर मध्येच स्वतःहून बंद होऊन परत चालू होत होता! खाली लूमचा गाळा, वर घरं, वायरिंग जुनं. इंडक्शन मोटर चालू होताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते, हे आपण मशीन्सच्या लॅबमध्ये शिकलोय (जर्नलमध्ये उतरवलंय तरी). तेवढ्यापुरता व्होल्टेज खाली बसतो. राउटरचा ॲडॉप्टर साधारण १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे थोड्या बुडीने त्याला काही होत नाही. पण एक्स्टेन्शन बोर्डाचं सॉकेट सैल असेल, किंवा व्होल्टेज पडलाय बघून घरचा इन्व्हर्टर मेन्सवरून बॅटरीवर उडी मारत असेल, तर त्या क्षणभराच्या खंडात राउटर मरतो. यात वीज कंपनीला बोल लावण्यात अर्थ नाही. महावितरणने भिवंडीचं वीजवाटप जानेवारी २००७ मध्ये टोरंट पॉवरकडे फ्रँचायझी म्हणून दिलं, पण मीटरच्या अलीकडची वायर आपलीच असते.

मजा पुढे आहे. राउटर परत उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो. बफरमध्ये माल असतो फार तर मिनिटभराचा. तो संपतो, ॲप मागणी करून थकतं, आणि काही ॲप नेट परत आल्यावरही पुन्हा मागायला जातच नाहीत. मग ते चक्र रात्रभर फिरत राहतं. म्हणून दुरुस्ती साधी : बॅक दाबून बाहेर या, तोच भाग परत लावा. कायमचा इलाज म्हणजे सैल सॉकेट बदलणं आणि राउटरला छोटा डीसी यूपीएस लावणं. बऱ्याच इन्व्हर्टरला मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू केलं की उडी इतकी झटपट होते की राउटरला कळतही नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये दोन घरांचं 'नेट' या बटणाने सुधारलं!

मॅचचं वेगळं आहे. मालिकेचे पुढचे तुकडे आधीच भरून ठेवता येतात, पण पुढची ओव्हर अजून टाकलीच नाही तर साठवणार काय? त्यामुळे लाइव्हचा बफर लहान, आणि तेच आधी अडकतं. शिवाय गर्दी. १९ नोव्हेंबर २०२३ च्या वर्ल्ड कप फायनलला हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी लोक होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये टायसनच्या बॉक्सिंगला नेटफ्लिक्सवर एका वेळी साडेसहा कोटी स्ट्रीम चालू होते आणि जगभर लोकांना बफरिंग दिसलं. हॉटस्टारच्या इंजिनिअरांनी सांगितलेली एक गंमत म्हणजे लोक आले तेव्हापेक्षा गेले तेव्हा जास्त भीती असते. जुलै २०१९ च्या सेमीफायनलला धोनी रनआउट झाला आणि अडीच कोटींची गर्दी मिनिटांत ओसरली. सगळ्यांनी एकदम बॅक दाबलं, म्हणजे सगळे एकदम होम पेजवर! असं काही चालू असेल तर तुमच्या टीव्हीला रिसेट मारून त्यांचा सर्व्हर बरा होत नाही. दर्जा एक पायरी खाली करा आणि वाट बघा.

आता यंत्रं. स्मार्ट टीव्ही रिमोटने बंद केला तर तो बंद होत नाही, झोपतो. सकाळी तीच तुंबलेली मेमरी घेऊन उठतो. प्लग काढा, मिनिटभर थांबा, परत लावा. हा इतका बावळट उपाय वाटतो की लोक करतच नाहीत. फायर टीव्ही स्टिकला मधलं बटण आणि प्ले-पॉज एकत्र धरून ठेवलं की ती रीस्टार्ट होते. या स्टिकना मेमरी मोबाइलच्या मानाने फारच कमी, तिसऱ्या पिढीच्या साध्या स्टिकला १ जीबी रॅम आणि ८ जीबी साठा, त्यामुळे न वापरलेली गेम आधी काढा. आणि स्टिक टीव्हीच्या यूएसबीवर चालवू नका. तिथे पुरेसा करंट मिळेलच असं नाही, सोबत आलेला ॲडॉप्टरच लावा. एप्रिल-मेमध्ये टीव्हीच्या पाठीला चिकटून ती भाजून निघते, म्हणून खोक्यातली छोटी एचडीएमआय वायर फेकू नका.

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ॲपच्या नावावर गेलात की फोर्स स्टॉप, क्लिअर कॅश आणि क्लिअर डेटा दिसतं. याच क्रमाने जायचं. कॅश म्हणजे फळ्यावरचं कच्चं काम, पुसलं तरी चालतं. डेटा म्हणजे वही. ती पुसली की लॉगिन गेलं, डाउनलोड गेले, आणि पासवर्ड काकांच्या अमेरिकेतल्या मुलाकडे असतो. आयफोनमध्ये कॅश पुसायचं असं बटण नाही. ॲप वर सरकवून बंद करा, नाहीतर काढून परत टाका. लॅपटॉपवर आधी इनकॉग्निटो विंडोत लावून बघा. तिथे चाललं तर एखादं एक्स्टेन्शन आडवं येतंय. चित्र थिजून आवाज चालू असेल तर ब्राउझरमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून बघा.

तारीख-वेळ बघायला विसरू नका. जुना टीव्ही प्लग काढल्यावर कधीकधी तारीख विसरतो, आणि तारीख चुकली की सर्व्हरचं सर्टिफिकेट त्याला खोटं वाटतं. ॲप उघडतं, पण आत काही येत नाही. हॉस्टेलला मात्र निराळंच. आपलं वायफाय आधी लॉगिन पान दाखवतं, आणि स्टिकवर ते पान नीट उघडत नाही. कॉमन रूममध्ये 'स्टिक खराब झाली' म्हणून जी बोंब झाली ती यातलीच. मोबाइलचा हॉटस्पॉट दिला, चालू.

फॅक्टरी रिसेट सगळ्यात शेवटी. मार्च २०२५ मध्ये गूगलच्या दुसऱ्या पिढीच्या क्रोमकास्टनी जगभर एकदम काम थांबवलं. त्यांच्या आतल्या एका सर्टिफिकेटची मुदत ९ मार्चला संपली होती. गूगलने सांगितलं, रिसेट करू नका. ज्यांनी धीर धरला त्यांची यंत्रं काही दिवसांत अपडेटने आपोआप सुधारली. ज्यांनी आधीच रिसेट मारला होता त्यांचं यंत्र परत जोडलंच जाईना, त्यांना आणखी थांबावं लागलं.

आता ज्यासाठी मुळात लिहायला बसलो ते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचं ॲप मालिकेच्या ऐन वेळेला अडकलं. मी हॉस्टेलवर, त्यांचा मुलगा मानकोलीच्या गोदामात दुसऱ्या पाळीला. काकूंनी मोबाइलवर कस्टमर केअर नंबर शोधला आणि वर आला तो लावला. पलीकडचा माणूस अतिशय गोड बोलला. म्हणाला, अकाउंट ब्लॉक झालंय, हे एक ॲप टाका, मी इथून दुरुस्त करतो. ते स्क्रीन दाखवणारं ॲप होतं. मग म्हणाला, पडताळणीसाठी दहा रुपये भरा. काकूंनी पिन टाकला, तो त्याने बघितला, आणि वीस मिनिटांत अठरा हजार गेले. गोदामातला महिनाभराचा पगार. मुलगा रात्री आला तेव्हा टीव्हीवर अजून तेच चक्र फिरत होतं. त्याने प्लग काढून लावला, मालिका सुरू झाली.

ॲनीडेस्कसारख्या ॲपमधून पैसे जातात असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना दिला होता, पण तो काकूंपर्यंत कोण पोचवणार? म्हणून सुट्टीत घरी जाल तेव्हा टीव्ही चालू करून देऊन लगेच उठू नका. मदत हवी असेल तर नंबर ॲपच्या आतल्या हेल्प विभागातून किंवा बिलावरून घ्यायचा, शोधून वर आलेला लावायचा नाही, हे दाखवा. अडकलेलं ॲप सोडवायला कुणालाही तुमची स्क्रीन बघावी लागत नाही आणि पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. तरी झालंच, तर आधी नेट बंद, मग १९३० ला फोन, मग बँकेला. सकाळी बघू म्हणायचं नाही, कारण चोराने पैसे पुढच्या खात्यात सरकवायच्या आत ते गोठले तरच हाती लागतात. काकूंच्या मुलाने रात्री साडेअकराला १९३० लावला. अठरातले सात हजार मधल्याच एका खात्यात अडकून राहिले, तेवढे दोन महिन्यांनी परत आले.

१९३० हा नंबर मी आता आमच्या मजल्यावर प्रत्येकाच्या टीव्हीमागे स्केचपेनने लिहून ठेवलाय, प्लगच्या बरोबर वर.