गोदाकाठचे ऊन

समुद्रकिनारा मराठवाड्याच्या नशिबी नाही. परंतु पाण्याच्या काठाने उन्हात रमतगमत चालण्याचे सुख नांदेडला गोदावरीने दिले आहे. शहराचे जुने घाट नदीच्या उत्तर तीरावर आहेत. त्यामुळे हिवाळ्यात दक्षिणेकडे कललेल्या सूर्याचे ऊन पायऱ्यांवर सकाळपासूनच उतरते. पंजाबातून आलेले यात्रेकरू, नातवंडांचे बोट धरून निघालेले आजोबा, कपडे वाळत घालणाऱ्या स्त्रिया असे सारेच त्या उबेचे वाटेकरी होतात. त्यासाठी कोणालाही तिकीट पडत नाही.

नगिना घाटावरून बंदाघाटाकडे जाताना सोबत इतिहासही चालत असतो. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजी नांदेडला आले. येथेच माधोदास बैरागी त्यांचा शिष्य होऊन बंदासिंग बहादूर झाला आणि येथेच गुरूंनी देह ठेवला. त्यानंतर ३०० वर्षांनी, २००८ मध्ये, गुरु-ता-गद्दीचा सोहळा झाला, तेव्हा गोदाकाठालाही नवे रूप लाभले.

या काठाचे मोल लातूरहून आलेल्या पाहुण्याला अधिक कळते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले. एप्रिलमध्ये आलेल्या पहिल्या ‘जलदूत’ गाडीला १० टाक्या होत्या आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. ज्या घरांनी तेव्हा घागरी मोजून दिवस काढले, त्या घरांतील माणूस घाटाच्या शेवटच्या पायरीवर निमूट उभा राहिला, तर त्यात नवल नाही.

वास्तविक ही दोन शहरे एकाच जलसूत्राने बांधलेली आहेत. लातूर जिल्ह्यातून वाहणारी मांजरा पुढे तेलंगणाच्या सीमेवर कंदकुर्तीजवळ गोदावरीलाच मिळते. नांदेडची तहानही आपोआप भागत नाही. शहराच्या वरच्या अंगाला विष्णुपुरी येथे अडवलेले पाणी ती भागवते. जे अडवावे लागते, ते संपूही शकते.

म्हणून सुटीच्या दिवशी मुलांना या काठावर अवश्य न्यावे. त्यांना ऊन खाऊ द्यावे, पायऱ्या मोजू द्याव्यात आणि लातूरच्या त्या गाडीची गोष्टही सांगावी. परतताना नदीत काही टाकायचे नाही आणि घरी नळ उघडा ठेवायचा नाही, एवढे त्यांना उमगले, तरी तो फेरफटका सार्थकी लागला.