गर्भशोफ

गर्भशोफ : गर्भाच्या किंवा नवजात अर्भकाच्या शरीरात द्रव प्रमाणाबाहेर साचण्याच्या विकृतीस गर्भशोफ म्हणतात. त्वचेखालील ऊतके, उदर, फुप्फुसांभोवतीची व हृदयाभोवतीची पोकळी यांपैकी निदान दोन ठिकाणी द्रव आढळल्यास ही संज्ञा वापरतात. बहुधा वारही सुजलेली असते. हा स्वतंत्र रोग नसून निरनिराळ्या रोगांच्या तीव्र अवस्थेचे ते लक्षण होय.

रक्तकेशिकांतून ऊतकांत झिरपलेला द्रव एरवी लसीकावाहिन्यांमार्फत रक्तात परततो. हृदय दुबळे झाले, रक्तातील अल्ब्युमीन घटले किंवा लसीकेचा मार्ग अडला, तर तो साचू लागतो.

याचे पूर्वी सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे ऱ्हीसस घटकाची विसंगती. माता ऱ्हीसस-ऋण व गर्भ ऱ्हीसस-धन असल्यास, मुख्यतः प्रसूतीच्या वेळी, गर्भाचे रक्त मातेच्या रक्तात मिसळते व तिच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होतात. त्यामुळे पहिले अपत्य सहसा बचावते. पुढील गर्भात मात्र ही प्रतिपिंडे वारेतून शिरून तांबड्या कोशिकांचा नाश करतात. तीव्र पांडुरोगाने हृदय थकते व शोफ येतो. पहिल्या निरोगी मुलानंतर एकामागून एक मृत अपत्ये का जन्मावीत, हे कोडे कार्ल लँडस्टायनर व अलेक्झांडर वीनर यांनी १९४० मध्ये ऱ्हीसस घटकाचे वर्णन केल्यानंतरच उलगडले. विल्यम लायली यांनी १९६३ मध्ये ऑक्लंड येथे गर्भाच्या उदरपोकळीत रक्त सोडून उपचाराचा मार्ग दाखविला. आता ते नाळेतील नीलेतून देतात. १९६८ पासून वापरात आलेले डी-विरोधी इम्युनोग्लोब्युलिन प्रसूतीनंतर ७२ तासांत मातेस टोचल्यास प्रतिपिंडांची निर्मिती बहुधा टळते. गर्भपातानंतरही ते आवश्यक असते, आणि नेमकी येथेच हयगय होते. प्रतिपिंडे एकदा निर्माण झाल्यावर मात्र या इंजेक्शनाचा उपयोग नाही.

या प्रतिबंधामुळे आता बहुसंख्य रुग्णांत कारण वेगळेच असते : हृदयाचे जन्मजात दोष, गुणसूत्रांतील विकृती, पार्व्होव्हायरस बी-१९ चा संसर्ग, एकाच वारेवर वाढणाऱ्या जुळ्यांतील विषम रक्तप्रवाह इत्यादी. आग्नेय आशियात आल्फा थॅलॅसीमिया हे प्रमुख कारण आहे. काही वेळा कसून शोध घेऊनही कारण सापडत नाही.

निदान श्राव्यातीत ध्वनितपासणीने होते. गर्भाच्या मेंदूतील मध्य रोहिणीत रक्ताचा वेग वाढलेला आढळल्यास पांडुरोगाचा अंदाज सुई न टोचता बांधता येतो. पांडुरोगावर वेळीच रक्ताधान झाल्यास शोफ ओसरू शकतो. गुणसूत्रविकृतीत मात्र आशा थोडी असते. जन्मानंतर अर्भकाच्या छातीतील व पोटातील द्रव काढून कृत्रिम श्वसन द्यावे लागते. म्हणून अशी प्रसूती नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच करतात. गर्भाबरोबर मातेलाही सूज येऊन तिचा रक्तदाब वाढू लागल्यास तिच्याही जीवास धोका संभवतो.