कोनाड्यातली बाटली

आमच्या लहानपणी स्वयंपाकघराच्या कोनाड्यात स्पिरिटची एक बाटली असे. पंपाचा स्टोव्ह पेटवण्यापूर्वी आई त्यातले चमचाभर स्पिरिट बर्नरखालच्या वाटीत ओतून काडी लावी. "आई, स्पिरिट म्हणजे दारूच ना गं?" असे मी एकदा विचारले. पाठीत धपाटा मिळाला. उत्तर मिळाले नाही. पुढे रसायनशास्त्र शिकलो तेव्हा कळले, की प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता, आणि धपाटाही वाया गेला नव्हता!

अल्कोहोल हे एका द्रव्याचे नाव नव्हे. ते एका कुळाचे आडनाव आहे. कार्बनच्या अणूला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बिलगली, की पदार्थ या कुळात आला. थंडीत ओठांना लावतो ते ग्लिसरीनही यातलेच. दोन कार्बनांचा भाऊ इथेनॉल आणि एकाच कार्बनाचा धाकटा मिथेनॉल.

इथेनॉल जन्मते साखरेतून. यीस्ट ग्लुकोजच्या एका रेणूपासून इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू करते. पावाची कणीक फुगते ती याच वायूने. इथेनॉल बहुतेक भट्टीत उडून जाते. आपल्या साखर कारखान्यांतली मळी अशीच आंबवतात. इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळते, पाणी १०० ला. म्हणून ऊर्ध्वपातनाने ते वेगळे काढता येते. २०२५ साली देशातल्या पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोचले. म्हणजे आज उसाचा रस गाडीही ओढतो!

२०२० च्या महामारीत तर ते घरोघरी हातांवर आले. गंमत अशी, की जंतू मारायला ९५ टक्क्यांपेक्षा ७० टक्क्यांचे द्रावण अधिक गुणकारी. जंतूंची प्रथिने मोडायला थोडे पाणी लागते, आणि पाण्यामुळे द्रावण लगेच उडूनही जात नाही.

आता धाकट्या भावाकडे वळू. मिथेनॉल कारखान्यांत रसायने बनवण्यासाठी लागते. दिसायला थोरल्यासारखेच पाण्यासारखे स्वच्छ. वासावरून किंवा चवीवरून भरवशाने ओळखणे अशक्य. पोटात गेल्यावर यकृत त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड व मग फॉर्मिक आम्ल करते. हे आम्ल डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालते. 'अल्कोहोल' हा शब्द मुळात अरबी, 'कुह्ल' म्हणजे सुरम्यावरून आलेला. डोळ्यांच्या शृंगाराचे नाव डोळेच घेणाऱ्या द्रव्याला मिळावे, हा केवढा दैवदुर्विलास!

जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या दारूत मिथेनॉल होते. फसवणूक अशी, की सुरुवातीला साधी नशाच वाटते. खरी लक्षणे पुष्कळदा कित्येक तासांनी दिसतात: पोटदुखी, धाप, डोळ्यांपुढे धुके. 'झोपला की उतरेल' म्हणत घरचे थांबतात, आणि तेवढ्यात वेळ निघून जाते.

आणि यावरचा एक उतारा कोणता? थोरला भाऊच! यकृतातले विकर आधी इथेनॉलला हात घालते, मिथेनॉल तसेच राहते, आणि डॉक्टर ते डायलिसिसने काढून टाकतात. मात्र हे काम रुग्णालयाचे. घरी कुणी हा प्रयोग करू नये. आपले काम एकच: संशय येताच रुग्णाला तत्काळ तिकडे पोचवणे.

स्टोव्ह गेला, ती बाटली गेली. कोनाड्यात आता सॅनिटायझर आहे. परवा नातीने विचारले, "आजोबा, यात दारू असते?" मी धपाटा घातला नाही. तिला जवळ बसवले आणि दोघा भावांची ही गोष्ट सांगितली.